बालपणीची घरगुती औषधे आणि खाऊ: आठवणींतून वापरण्याजोगी वही तयार करण्याची पद्धत

आमच्या घरी औषधाचा चमचा वेगळा होता. त्याचा दांडा मधोमध किंचित वाकलेला होता, पोट नेहमीच्या चमच्यापेक्षा खोल होते आणि जेवणाखाण्यात तो कधीही वापरला जात नसे. खोकला झाला की मध त्याच चमच्यातून मिळे, पोट बिघडले की साखर-मिठाच्या पाण्याचे माप त्यानेच घेतले जाई, आणि कडू काढा तोंड वेडेवाकडे न करता घेतला तर आजी डब्यातून लिंबू-मधाची एक कडक गोळी काढून हातावर ठेवी. आजी गेल्यानंतर काही वर्षांनी मी या सगळ्याची टाचणे करायला बसलो, तेव्हा ‘मध: एक चमचा’ असे लिहून निश्चिंतपणे पुढे गेलो होतो. नंतर तो चमचा एका खोक्यात सापडला. सहज म्हणून त्यात पाणी भरून वजनकाट्यावर तोलले, तर ते ८ ग्रॅम भरले. १ मिलिलिटर पाण्याचे वजन १ ग्रॅम असते, म्हणजे तो चमचा ८ मिलिलिटरचा होता. पाककृतींत आणि औषधांत गृहीत धरला जाणारा चमचा मात्र ५ मिलिलिटरचा असतो. माझ्या टाचणांतील प्रत्येक माप दीडपटीहून अधिक चुकलेले होते.

घरगुती औषधांच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण आजीच्या मायेबद्दल लिहितात आणि चमच्याबद्दल लिहायचे विसरतात. माया खरीच असते, परंतु पुढच्या पिढीला ती गोळी करून पाहायची असेल, किंवा एखादा उपाय मुलाला द्यावा की देऊ नये हे ठरवायचे असेल, तर तिला माप, कृती आणि आजचा निर्णय या तीन गोष्टी लागतात. हा लेख त्या तीन गोष्टी मिळवण्याच्या पद्धतीविषयी आहे.

आरंभीच एक गोष्ट ठरवून घ्यावी. औषधांची एक वही आणि खाऊची दुसरी, अशी विभागणी करू नये. लहान मुलाच्या अनुभवात या दोन गोष्टी कधीच वेगळ्या नसतात. कॉड माशाच्या यकृताचे तेल ज्यांनी लहानपणी घेतले आहे, त्यांना तेलाच्या चवीइतकेच तेलानंतर तोंडात पडलेले काहीतरी गोड आठवते. त्या तेलाने मुडदूस टळत असे, याचे कारण १९२२ च्या सुमारास ‘ड’ जीवनसत्त्वाच्या शोधाने स्पष्ट झाले. मात्र मूल तो चमचा गिळत असे ते नंतरच्या गोडासाठी. म्हणून प्रत्येक नोंदीत औषध आणि त्यापाठोपाठ मिळालेला खाऊ एकाच पानावर असावा.

पहिली पायरी: कोणालाही विचारण्याआधी स्वतःचे लिहा

ही पायरी अनेकांना अनावश्यक वाटते आणि नेमकी तीच वगळली जाते. भावंडांना किंवा मावशीला फोन करण्याआधी आपल्याला जे आठवते ते जसेच्या तसे, तारीख घालून, कागदावर उतरवावे. याला कारण आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एक अपरिचित गोष्ट वाचायला देऊन ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली होती; प्रत्येक वेळी सांगणारे तिच्यातील अनोळखी तपशील गाळत गेले आणि त्यांच्या जागी ओळखीचे तपशील आणत गेले. पुढे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची एक बनावट हकिकत घरच्यांच्या हवाल्याने सांगितल्यावर सहभागी झालेल्या २४ जणांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला ती पूर्णतः किंवा अंशतः आठवू लागली. थोरली बहीण ठामपणे ‘काढ्यात आले असायचे’ असे म्हणाली की आपल्याला आल्याचा वाससुद्धा आठवू लागतो, तो यामुळेच.

लिहिताना वासापासून सुरुवात करावी. वासाचे संदेश इतर संवेदनांप्रमाणे आधी मेंदूतील थॅलॅमस या मधल्या टप्प्यावर न थांबता भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या भागांपर्यंत लवकर पोहोचतात, आणि त्यामुळे वासाने जागी झालेली आठवण पुष्कळदा अधिक जुनी आणि अधिक भावनिक असते. मी आले, लवंग, मध आणि लिंबाची साल अशा चार छोट्या बरण्या समोर ठेवून एकेकीचे झाकण उघडले आणि प्रत्येक वासासरशी सुचेल ते लिहीत गेलो. लिंबाच्या सालीपाशी मला गोळ्यांचा डबा आठवला. त्याचे झाकण उघडताना होणारा आवाज आठवला. आणि डबा उंचावर असल्यामुळे त्याखाली ठेवावा लागणारा पाटही आठवला. यांतले पाककृतीला उपयोगी काहीच नव्हते, तरीही पुढे मामाने हा डबा पाहिल्याबरोबर ओळखला आणि तेथून गोळीची खरी कृती मिळाली.

आठवणीत जेथे खात्री नाही तेथे प्रश्नचिन्ह घालावे आणि ते पुसू नये. ‘बहुधा गूळ, कदाचित साखर’ ही नोंद ‘साखर’ या नोंदीपेक्षा अधिक प्रामाणिक असते.

दुसरी पायरी: विचारू नका, करायला सांगा

‘किती घालायचीस?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर जगात कोठेही ‘अंदाजाने’ असेच मिळते. ज्यांनी आयुष्यभर हाताने मोजले त्यांचे ज्ञान हातात असते आणि ते शब्दांत मागितले की विस्कटते. त्याऐवजी त्यांच्यासमोर साहित्य मांडावे, एकदा करून दाखवण्याची विनंती करावी आणि आपण शेजारी काटा घेऊन उभे राहावे. प्रत्येक डबा वापरण्यापूर्वी एकदा तोलावा आणि वापरून झाल्यावर पुन्हा तोलावा. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे त्या हाताचे प्रमाण. करणाऱ्या व्यक्तीला मध्येच थांबवून ‘थांबा, मुठीतले आधी वाटीत घाला’ असे म्हणू नये, कारण पाहणाऱ्याच्या भीतीने मूठ लहान होते.

संमती घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करावे. त्याचा मोठा फायदा असा की, वेळ आपोआप नोंदली जाते: पातेले चुलीवर चढल्यापासून ‘आता उतरव’ म्हणेपर्यंत किती मिनिटे गेली हे मुद्रणावरून काढता येते. शक्यतो एका वेळी एकच पदार्थ किंवा एकच उपाय घ्यावा आणि अर्धा-पाऊण तासाच्या वर वृद्ध व्यक्तीला बसवून ठेवू नये.

खुणेची वाक्ये मात्र शब्दशः लिहावीत. आजी गोळीचा पाक करायची तेव्हा शेजारी गार पाण्याची वाटी असे. मी विचारायचो, “आजी, अजून किती वेळ?” आणि ती म्हणायची, “थेंब वाजला की झालं.” कित्येक वर्षे मी हे वाक्य लाडाने सांगत आलो, परंतु ते मोजमाप आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ते कसे, हे गोळीच्या कृतीत पुढे येईल.

ज्यांना विचारायचे ती माणसे आता हयात नसतील, तर त्यांच्या हाताखाली वाढलेल्या माणसांकडे वळावे. मुलींनाच विचारावे असा एक समज असतो. माझ्या अनुभवात, स्वयंपाकघरात लुडबुड करून मार खाल्लेल्या मुलग्यांना कृतीतले बारकावे अधिक चांगले आठवतात.

तिसरी पायरी: भांडी मोजा

घरात उरलेले जुने चमचे, वाट्या, पेले यांना मोजपट्टीसारखे वागवावे. भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, काठोकाठ पाणी भरावे, आणि जितके ग्रॅम भरतील तितके मिलिलिटर लिहावेत. लहान चमच्यासाठी दहा चमचे पाणी एका वाटीत टाकून एकूण वजनाला दहाने भागणे अधिक बिनचूक ठरते. त्यानंतर सपाट आणि शिगोशीग यांतला फरकही मोजावा, कारण बारीक मिठाचा ५ मिलिलिटरचा सपाट चमचा सुमारे ६ ग्रॅमचा असतो आणि शीग भरली की तो सहज दीडपटीच्या पुढे जातो. खडेमीठ वापरात असेल तर त्याच चमच्यात मीठ कमी मावते, कारण खड्यांच्या मध्ये हवा राहते. मध मात्र पाण्यापेक्षा सुमारे १.४ पट जड असतो. ५ मिलिलिटर मध म्हणजे ७ ग्रॅम. ‘चिमूट’ तर माणसागणिक बदलते, म्हणून ज्याची चिमूट हवी त्याच्याकडूनच दहा चिमटी काट्यावर टाकवून घ्याव्यात.

चौथी पायरी: चाळणी लावा

नोंदी जमल्या की खरे काम सुरू होते आणि येथे भावनेला बाजूला बसवावे लागते. माझ्या वहीत प्रत्येक उपायाच्या डोक्यावर तीनपैकी एक शेरा असतो: ‘करावे’, ‘हौसेने करावे’ किंवा ‘केवळ नोंद’. पहिल्या शेऱ्याचे उपाय थोडे आहेत, तिसऱ्याचे अपेक्षेपेक्षा पुष्कळ निघाले, आणि बाकी सगळा आजीचा बटवा मधल्या शेऱ्याखाली सुखाने राहतो.

‘करावे’ या शेऱ्याचा निःसंशय मानकरी म्हणजे साखर-मिठाचे पाणी. जुलाब झालेल्या माणसाला हे पाणी का उपयोगी पडते, याचे उत्तर फार उशिरा मिळाले. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले की, आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेतात. या जोडीपाठोपाठ पाणीही शोषले जाते, आणि ही यंत्रणा बहुतेक जुलाबांतही शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामातील निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे द्रावण पिण्यासाठी वाटले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. घरी करायचे प्रमाण असे आहे: उकळून थंड केलेले किंवा अन्यथा सुरक्षित असलेले १ लिटर पाणी, ५ मिलिलिटरच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा सपाट चमचा मीठ. पाणी डोळ्यांच्या अंदाजाने न घेता मोजून घ्यावे, आणि २४ तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. औषधांच्या दुकानातले तयार पाकीट मिळत असेल तर तेच वापरावे, कारण त्यात पोटॅशियम आणि सायट्रेटही असतात.

आता आजीचा चमचा आठवावा. तोच ८ मिलिलिटरचा चमचा शिगोशीग भरून त्यातले अर्धे मीठ घातले, तर मिठाचे प्रमाण ३ ग्रॅमवरून दुपटीच्या पुढे जाते, आणि इतके खारट पाणी लहान मुलाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकते. आजीचे पाणी कधी बाधले नाही, कारण ती नेमके किती भरायचे ते जाणत होती आणि शिवाय चाखून पाहत असे: ‘अश्रूपेक्षा खारट नको’ अशी तिची कसोटी होती, आणि ती उत्तम कसोटी आहे. धोका तिच्या कृतीत नव्हता. माझ्या ‘एक चमचा’ या आळशी नोंदीत होता. मूल सुस्तावले असेल, लघवी फार कमी झाली असेल, शौचात रक्त असेल किंवा प्यायलेले सगळे उलटून पडत असेल, तर वही मिटून डॉक्टरांकडे जावे.

मधाचे पानही ‘करावे’ या शेऱ्याचे आहे, परंतु त्यावर लाल शाईची अट आहे. खोकल्यासाठी मध घेण्याला ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०१८ च्या सूचनांत स्थान दिले, इतपत पुरावा त्याच्या बाजूने आहे. १ ते ५ वर्षांच्या मुलाला अर्धा चमचा, ६ ते ११ वर्षांपर्यंत एक चमचा आणि त्यापुढे दोन चमचे, तेही ५ मिलिलिटरचे, इतके पुरे होते. मात्र १ वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये, अगदी बोटाला लावून चाटवूसुद्धा नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि त्याने स्नायू लुळे पडतात. हा आजार १९७६ मध्ये प्रथम ओळखला गेला, म्हणजे त्याआधी बाळांना मध चाटवणाऱ्या कोणत्याही आजीला तो माहीत असणे शक्य नव्हते. मध उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे ‘गरम करून दिला तर चालेल’ हा युक्तिवाद टिकत नाही.

कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही; घशाला तात्पुरता आराम पडतो, आणि गुळणी करून थुंकता येण्याइतके मूल मोठे असावे, एवढेच.

‘केवळ नोंद’ या शेऱ्याची पाने मात्र काळजीपूर्वक लिहावीत, कारण मुलांना हीच पाने सर्वांत मनोरंजक वाटतात. भाजलेल्या जागी लोणी किंवा टूथपेस्ट लावणे, हा त्यांतला जगभर आढळणारा प्रकार आहे. स्निग्ध थर उष्णता आत कोंडून ठेवतो आणि जखम तपासणेही अवघड करतो. योग्य उपाय म्हणजे भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरणे, आणि बर्फ न लावणे. ताप उतरवण्यासाठी अंगाला स्पिरिट चोळणे हा दुसरा. लहान मुलाची त्वचा आणि फुप्फुसे ते शोषून घेतात आणि विषबाधा होऊ शकते. कापूर पोटात गेल्यास लहान मुलाला फार थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात, आणि म्हणूनच अमेरिकेत छातीला चोळण्याच्या मलमांतील कापराला ११ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. दुखऱ्या कानात कोमट तेल टाकू नये, कारण पडदा फाटलेला आहे की नाही हे घरी कळत नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाकवून वाफ देणे मला स्वतःला सर्वांत प्रिय होते, कारण चादरीखालचा तो अंधार अजून आठवतो. तरीही सर्दीवर तिचा ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही आणि पातेले कलंडून मुले भाजल्याच्या घटना रुग्णालयांना चांगल्याच परिचित आहेत. ते पान मी ‘केवळ नोंद’ या शेऱ्याखाली टाकले, आणि टाकताना वाईट वाटले.

‘निसर्गातले आहे, त्याने अपाय कसा होईल’ असे कोणी म्हणाले तर विलो या झाडाच्या सालीचे उदाहरण द्यावे. एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला पत्र लिहून ही साल तापावर उपयोगी पडते असे कळवले. तिच्यातील सॅलिसिन या द्रव्याच्या कुळातूनच १८९७ मध्ये ॲस्पिरिन तयार झाले. उपाय खराच होता, आणि नेमका त्यामुळेच तो मुलांना देता येत नाही: विषाणूजन्य आजारात ॲस्पिरिन घेतलेल्या मुलांमध्ये यकृत आणि मेंदू यांवर घाला घालणारा राय सिंड्रोम आढळला आहे. उलट जुन्या बाजारी औषधांबद्दल हळवे होण्याचेही कारण नाही. एकोणिसाव्या शतकात रडणाऱ्या बाळांना शांत करण्यासाठी मॉर्फिन असलेली सरबते राजरोस विकली जात होती, आणि दात येताना द्यायच्या पुडींतल्या पाऱ्यामुळे मुलांचे हातपाय गुलाबी पडून सोलवटत, हे १९५० च्या दशकापर्यंत चालू होते. आजीने घरचेच औषध द्यावे असा आग्रह धरला, त्यामागे कदाचित अशा बाटल्यांचा अनुभवही असेल.

पाचवी पायरी: खाऊ प्रत्यक्ष करून पाहा

‘हौसेने करावे’ या शेऱ्याची पाने केवळ वाचून तपासता येत नाहीत. आमच्या गोळीचे साहित्य शेवटी असे निश्चित झाले: साखर २०० ग्रॅम, मध ६० ग्रॅम, पाणी ८० मिलिलिटर आणि लिंबाचा रस ५ मिलिलिटर. यातून साधारण ५० लहान गोळ्या होतात.

जाड बुडाच्या पातेल्यात सगळे एकत्र करून मंद आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळावे. उकळी फुटल्यानंतर चमचा बाजूला ठेवावा आणि पुन्हा हात लावू नये. पातेल्याच्या कडेला उडालेले साखरेचे कण ओल्या ब्रशने खाली उतरवावेत. माझा पहिला घाणा येथेच फसला: मी कौतुकाने ढवळत राहिलो, कडेचा एक कण पाकात पडला, त्याभोवती साखरेचे स्फटिक धरत गेले आणि पातेलेभर वाळू तयार झाली. लिंबू आणि मध चवीपुरते नसतात. लिंबाचे आम्ल साखरेच्या काही भागाचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करते, मधात हे दोन्ही मुळातच असतात, आणि हे मिश्रण स्फटिक धरण्यात अडथळा आणते.

आता थेंबाविषयी. पाक उकळत राहतो तसे त्यातले पाणी कमी होते आणि तापमान चढते. एकतारीच्या पुढे जाऊन ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळते; १३२ ते १४३ अंशांना थेंब ताणला तर वाकतो आणि मग तुटतो; १४६ ते १५४ अंशांना मात्र पाकात जेमतेम एक टक्का पाणी उरलेले असते आणि थेंब पाण्यात पडताच काचेसारखा कडक होतो. वाटीत चमच्याने हलवला तर तो वाटीच्या तळावर टणटण वाजतो. आजीचा ‘वाजलेला थेंब’ म्हणजे सुमारे १५० अंश. माझा दुसरा घाणा मी १३८ अंशांना उतरवला होता, तेव्हा थेंब पडला पण वाजला नाही, आणि त्या गोळ्या दातांना अशा चिकटल्या की दोन दिवस घरात त्याच विषयाची चर्चा होती.

तापमापक वापरत असाल तर आधी तो उकळत्या पाण्यात धरून पाहावा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो, त्यामुळे उंच ठिकाणी १०० ऐवजी ९७ दिसू शकते. तसे दिसल्यास पाकही ३ अंश आधी उतरवावा. वाटीतला थेंब मात्र उंचीची पर्वा न करता खरे बोलतो. तापमापक असूनही मी वाटी ठेवतो ती याचसाठी.

थेंब वाजला की पातेले उतरवून बुडबुडे बसू द्यावेत आणि लहान चमच्याने बटर पेपरवर पाकाचे ठिपके सोडावेत. पूर्ण थंड झाल्यावर पिठीसाखरेत घोळवून हवाबंद डब्यात ठेवाव्यात; दमट हवेत प्रत्येक गोळी कागदात गुंडाळणे बरे, कारण मध हवेतली आर्द्रता ओढून घेतो. हे काम करताना मुलांना चुलीपासून दूर ठेवावे, कारण १५० अंशांचा पाक कातडीला चिकटून राहतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा खोलवर भाजतो. पाच वर्षांखालील मुलाला कडक गोळी देऊ नये. ती श्वासनलिकेत अडकू शकते. लहानग्यांना तेच मध-लिंबू कोमट पाण्यात ढवळून पाजावे, अर्थात मधाची वयाची अट सांभाळून.

ही गोळी खोकला बरा करते का? नाही. ती चघळताना लाळ सुटते, घसा ओला राहतो आणि खोकल्याची उबळ थोडा वेळ थांबते. माझ्या वहीत तिच्यासमोर ‘खाऊ’ असेच लिहिले आहे.

सहावी पायरी: पान लिहा आणि जपा

प्रत्येक पानावर कोणी केले, कोणासाठी, कोणत्या आजारात, आणि साधारण कोणत्या वर्षी, हे वर असावे. त्याखाली मोजलेले साहित्य आणि कृती. मग करणाऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत. त्यानंतर त्या वेळच्या मुलाला काय वाटले होते ते. आणि शेवटी शेरा, कारणासह व तारखेसह. शेरा पेन्सिलने लिहावा, कारण वैद्यकीय सल्ला बदलतो. बाकी मजकूर न फिकटणाऱ्या शाईने, आम्लविरहित कागदावर लिहावा. पानांची छायाचित्रे काढून ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवावीत, आणि मूळ भांड्याचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी ठेवून काढावे.

कोणाला फेफरे येत असे, कोणाचे मूल दगावले, कोणाला कोणता उपाय लपूनछपून करावा लागला, अशा गोष्टीही ओघाने वहीत येतात. ती व्यक्ती किंवा तिची मुले हयात असतील तर त्यांना विचारल्याशिवाय अशी पाने इतरांना पाठवू नयेत.

दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर निवाडा करण्याची घाई करू नये. दोन्ही नोंदी नावानिशी शेजारी लिहाव्यात. मावशीच्या मते आजीच्या गोळीत लिंबू कधीच नव्हते, ते मामीने पुढे घातले. मी लिंबू न घालता एक घाणा करून पाहिला. तो साखरला नाही, थेंबही वाजला, आणि मावशीने गोळी तोंडात टाकून “हीच ती” असे सांगितले. मला ती ओळखीची लागली नाही. पानावर सध्या दोन्ही कृती आहेत, आणि मावशीच्या कृतीपुढे तिने स्वतःच्या हाताने सही केली आहे.